साधन हाती आले, साधनेचे काय?

महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम आकाराच्या गावात आज व्याख्यानमाला भरली, कीर्तन महोत्सव झाला किंवा एखाद्या वाचनालयाने शताब्दी साजरी केली, की सभागृहाच्या मधल्या रांगेत एक स्टँड उभा दिसतो. त्यावर भ्रमणध्वनी खोचलेला असतो आणि त्याच्यामागे एक तरुण कार्यकर्ता काहीसा अवघडून उभा असतो. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण करण्यात येईल’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. प्रत्यक्षात घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला जे येते, ते मात्र काही निराळेच असते. पहिली सात-आठ मिनिटे रिकामे व्यासपीठ दिसते आणि ‘आवाज येतोय का?’ एवढेच ऐकू येते. पुढे व्याख्यात्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा घुमतो आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघर तेवढी स्पष्ट पोहोचते. मध्येच कोणी उशिरा आलेला गृहस्थ पडद्यासमोर पाठ करून उभा राहतो. ऐन रंगात आलेल्या मुद्द्यावर चित्र गोठते आणि ते पुन्हा हलू लागते, तेव्हा आभारप्रदर्शन सुरू झालेले असते.

हा प्रकार चेष्टेचा विषय करणे सोपे आहे. परंतु त्या स्टँडमागे उभ्या असलेल्या तरुणाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण त्याला हे काम कोणी शिकवलेलेच नसते. ‘तुला मोबाइलचे कळते ना, मग तूच बघ’ एवढ्या एका वाक्यावर त्याची नेमणूक झालेली असते. ज्या समितीने व्याख्यात्याच्या निवडीसाठी तीन बैठका घेतल्या, सभागृहातील खुर्च्यांच्या रांगांवर अर्धा तास खल केला, तिने प्रक्षेपणाच्या कामाला पाच मिनिटेही दिलेली नसतात. साधन सर्वांच्या खिशात आले आहे. परंतु त्याची विद्या कोणी कोणाला देत नाही, हे या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे.

फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय २०१६ च्या एप्रिलमध्ये सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात भारतात आंतरजाल कमालीचे स्वस्त झाले. तरीही आपल्या सार्वजनिक संस्थांना या माध्यमाची खरी ओळख झाली ती २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत. सभागृहे बंद झाली, मंडप उतरले, आषाढीला संतांच्या पादुका एस. टी. बसमधून पंढरपूरला न्याव्या लागल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्राने समोरासमोर बसून विचार ऐकण्याची जी सवय जोपासली, ती एका रात्रीत थांबली. त्या काळात कीर्तनकारांनी देवघरासमोर भ्रमणध्वनी ठेवून कीर्तने केली, प्राध्यापकांनी स्वयंपाकघरातील टेबलावरून व्याख्याने दिली. ती धडपड गौरवास्पद होती. त्यातील तांत्रिक उणिवांकडे प्रेक्षकांनीही आपुलकीने काणाडोळा केला, कारण काळच तसा होता.

त्या काळाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. गुडघेदुखीमुळे दोन जिने चढू न शकणाऱ्या आजी, मुलांच्या परीक्षांमुळे घराबाहेर न पडू शकणारी गृहिणी, नोकरीनिमित्त बंगळुरूस स्थायिक झालेले सोलापूरचे कुटुंब, पहाटे उठून सॅन होजेहून पुण्याचे सायंकाळचे व्याख्यान ऐकणारा अभियंता असा एक श्रोतृवर्ग अस्तित्वात होता, आणि सभागृहातील खुर्च्या मोजणाऱ्या संयोजकांना त्याचा पत्ताच नव्हता. टाळेबंदी उठली, सभागृहे पुन्हा गजबजली आणि या श्रोत्यांची गरज मात्र संपली नाही. आज तो प्रेक्षक पूर्वीची सवलत द्यायला तयार नाही. त्याच्या बोटाखाली इतर शेकडो वाहिन्या आहेत. आवाज फुटका आला तर तो तक्रार करत नाही. निमूटपणे निघून जातो. संयोजकांना वाटते, ‘लोकांना विचार ऐकायचेच नाहीत.’ वस्तुतः त्यांना ऐकूच आलेले नसते!

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी एखादा अर्ध्या तासाचा कार्यक्रम थेट दाखवायचा तर निर्माता, ध्वनी अभियंता, प्रकाशयोजनाकार, कॅमेरामन, मंचव्यवस्थापक असा सारा चमू कामाला लागे. तालीम झाल्याशिवाय दिवा पेटत नसे. आज ही सारी कामे एकाच यंत्रात सामावली आहेत. कामे मात्र नाहीशी झालेली नाहीत. ती सर्व त्या एकट्या तरुणाच्या अंगावर येऊन पडली आहेत आणि त्यांतील एकही त्याने शिकलेले नाही. यंत्र सोपे झाले म्हणजे विद्या अनावश्यक झाली, हा आपल्या काळातील मोठाच भ्रम आहे.

साधनाचे ज्ञान ही हलकी गोष्ट समजण्याची आपली परंपरा नव्हे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात टाक, शाई, कागद, ओळींतील अंतर, सोडायचा समास यांची चर्चा यावी, याचे ज्यांना नवल वाटते त्यांना समर्थ कळलेच नाहीत. विचार पोहोचवायचा तर अक्षर वाचता आले पाहिजे आणि पोथी टिकली पाहिजे, इतका सरळ हिशेब त्यामागे आहे. आजच्या कार्यकर्त्याच्या हातातील टाक म्हणजे त्याचा भ्रमणध्वनी होय. त्याचे निरूपण कोणीतरी करायला हवे.

ते करू लागले की पहिलाच धडा अनपेक्षित निघतो. थेट प्रक्षेपणात चित्रापेक्षा ध्वनी महत्त्वाचा. चित्र थोडे अंधुक असले तरी व्याख्यान ऐकता येते. आवाज फाटका असेल तर उत्तमोत्तम कॅमेऱ्याचे चित्रही कोणी दोन मिनिटे पाहत नाही. तरीही संस्था पैसे जमवतात ते कॅमेऱ्यासाठी. पुढे तो महागडा कॅमेरा कार्यालयाच्या कपाटात पडून राहतो आणि त्याची किल्ली नेमकी कोणाकडे आहे, हे कार्यक्रमाच्या दिवशी शोधावे लागते. भ्रमणध्वनीचा अंगभूत माइक हातभर अंतरावरील बोलण्यासाठी बनवलेला असतो. तीस फुटांवरून तो वक्त्याचा आवाज टिपत नाही. तो सभागृहाचा प्रतिध्वनी, खुर्च्यांचे कुरकुरणे आणि शेजारच्या दोघांची कुजबुज टिपतो. वक्त्यासमोर माइक आधीपासूनच असतो, तो साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडलेला असतो आणि त्याच मिक्सरमधून एक वेगळी वायर प्रक्षेपणाच्या यंत्राकडे आणता येते. बहुतेक ठिकाणी अडचण निघते ती हीच, की साउंडवाल्याला हे आदल्या दिवशी कोणी सांगितलेले नसते आणि आयत्या वेळी योग्य पिन सापडत नाही. पन्नास-शंभर रुपयांच्या त्या पिनेअभावी हजारोंचा खर्च वाया जातो.

वायर जोडली म्हणजे काम संपले, असेही नाही. मिक्सरमधून येणारा आवाज जोरदार असतो आणि भ्रमणध्वनीची माइकची जागा क्षीण आवाजासाठी असते. पातळी कमी केली नाही तर सारे व्याख्यान फाटलेल्या कर्ण्यासारखे ऐकू येते. पातळी बरोबर बसली तरी मिक्सरच्या वायरीतून फक्त वक्ता येतो, श्रोते येत नाहीत. सभागृहात टाळ्या कडाडल्या, हशा पिकला आणि घरच्या प्रेक्षकाला मात्र वक्ता विनाकारण थांबल्यासारखा वाटला, असे होते. म्हणून जाणकार मंडळी एक छोटा माइक श्रोत्यांकडे तोंड करून ठेवतात आणि त्याचा आवाज बेताने मिसळतात. कीर्तनात तर याची गरज अधिकच. टाळकऱ्यांच्या साथीवाचून आलेले कीर्तन हे मिठावाचूनच्या आमटीसारखे लागते. आणि या सर्वांवर लक्ष ठेवण्यासाठी एकाच माणसाने कानाला हेडफोन लावून पूर्ण वेळ बसले पाहिजे. त्याने व्याख्यान ऐकायचे नसते. आवाज ऐकायचा असतो. हा त्याग लहान नाही.

दुसरी गोष्ट आंतरजालाच्या जोडणीची. आपल्याकडे ‘नेट फास्ट आहे’ असे म्हटले जाते ते खाली उतरवून घेण्याच्या वेगाविषयी. प्रक्षेपणासाठी लागतो तो वर पाठवण्याचा वेग, आणि अनेक जोडण्यांत तो पहिल्याच्या मानाने पुष्कळ कमी असतो. ७२० ओळींचे साधे चित्र यूट्यूबवर पाठवायचे तर सेकंदाला सुमारे चार मेगाबिट लागतात. १०८० ओळींच्या चित्राला दहाच्या आसपास. प्रत्यक्षात हाताशी याच्या दीडपट-दुप्पट वेग असावा, कारण जोडणी श्वासासारखी कमीजास्त होत असते. चार मेगाबिटांनी दोन तास प्रक्षेपण केले तर साडेतीन जीबीहून अधिक डेटा खर्च होतो. दिवसाला दीड-दोन जीबी मिळणाऱ्या सिमकार्डावर विसंबलेल्याचे प्रक्षेपण नेमके कोणत्या क्षणी कोलमडेल, हे गणित शाळकरी मुलगाही मांडू शकेल. आणखी एक फसगत ठरलेली असते. दुपारी रिकाम्या सभागृहात चाचणी घेतली तेव्हा सारे सुरळीत चालते. सायंकाळी चारशे श्रोते चारशे भ्रमणध्वनी घेऊन येतात आणि तोच मनोरा सर्वांच्या वाट्याला येतो. यावर उपाय वायरीच्या जोडणीचा. शेजारच्या दुकानातून किंवा वरच्या मजल्यावरील घरातून एक लांब केबल आणली, तरी निम्मी चिंता मिटते. वीज गेली तर संगणक बॅटरीवर चालतो आणि राउटर बंद पडतो, हेही अनेकांना अनुभवानेच कळते.

खात्यांचे नियम ही तिसरी अडचण, आणि तीही अगदी शेवटच्या घटकेला उभी राहणारी. यूट्यूबवर प्रथमच थेट प्रक्षेपण सुरू करायचे तर परवानगी मिळण्यास चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि भ्रमणध्वनीवरून करायचे तर वाहिनीला किमान पन्नास सदस्य असावे लागतात. सायंकाळी साडेपाचला खाते उघडून सहाच्या कार्यक्रमाची अपेक्षा करणाऱ्यांची निराशा ठरलेलीच. कार्यक्रमाआधी वातावरणनिर्मितीसाठी एखाद्या कंपनीची ध्वनिमुद्रिका कर्ण्यावर लावली, तर यंत्रणा ती ओळखते आणि प्रक्षेपणच बंद पाडू शकते. बारा तासांहून लांब प्रक्षेपण आपोआप साठवले जात नाही. अखंड हरिनाम सप्ताहाचे प्रक्षेपण करणाऱ्यांनी ते टप्प्याटप्प्यांत तोडायला शिकले पाहिजे. प्रकाश आणि कॅमेऱ्याची जागा यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. वक्त्याच्या पाठीमागे चकाकणारा पडदा नको, चेहऱ्यावर समोरून उजेड हवा, भ्रमणध्वनी आडवा हवा आणि तो कोणाच्या हातात नसावा, इतके पाळले तरी पुरे.

इथवरचा भाग यंत्राचा झाला. माणसाचा भाग याहून अवघड आहे, आणि त्यात महाराष्ट्राजवळ एक मोठी शिदोरी आहे. नारदीय कीर्तनकार हा मुळातच थेट सादरीकरणाचा आचार्य असतो. पूर्वरंगात तो एक विचार मांडतो, मध्यंतरीच्या भजनात श्रोत्याला सावरू देतो आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातून जिवंत करतो. उशिरा आलेला श्रोताही गोंधळत नाही, कारण मुख्य सूत्र तो पुन्हा पुन्हा नव्या वळणाने समोर ठेवतो. जालावरील प्रेक्षक हा स्वभावतः उशिरा येणाराच असतो. तो विसाव्या मिनिटाला येतो, पाच मिनिटे थांबतो, पटले तर राहतो. त्याला विषय कोणता, बोलतो आहे कोण, हे अधूनमधून सांगत राहणे ही कीर्तनकाराची रीत आजच्या निवेदकाने उचलावी. स्वागत, दीपप्रज्वलन, परिचय, पुष्पगुच्छ, पुन्हा एका पाहुण्याचा परिचय असा पाऊण तास घालवून मग मुख्य वक्त्याला उभे करणाऱ्या समित्यांनी घरच्या प्रेक्षकाने तोपर्यंत काय केले असेल याची कल्पना करून पाहावी. (सभागृहातील श्रोताही याच कारणाने कंटाळतो, तो केवळ भिडेपोटी उठून जात नाही.)

मात्र कीर्तनकाराजवळ जे असते ते प्रक्षेपकाजवळ नसते. समोरच्या डोळ्यांतून त्याला तत्काळ दाद मिळते. भिंगाकडे पाहून बोलणाऱ्याला ती मिळत नाही, आणि मिळते ती काही सेकंद ते अर्धा मिनिट उशिरा, तीही लिहून. प्रश्नोत्तरांत हा विलंब विशेष जाणवतो. वक्त्याने ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणावे आणि दहा सेकंदांत सभा आटोपती घ्यावी, तर घरच्या प्रेक्षकापर्यंत तो प्रश्न अजून पोहोचलेलाही नसतो. यासाठी एक स्वतंत्र माणूस लागतो. त्याने आलेले प्रश्न वाचावेत, निवडावेत, असभ्य मजकूर बाजूला काढावा आणि चांगले प्रश्न चिठ्ठीवर लिहून निवेदकाकडे पाठवावेत. हे काम ज्येष्ठ कार्यकर्ते उत्तम करतात, कारण त्यांना विषयही कळतो आणि माणसेही.

अनुमतीचा विषय बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क मान्य झाले. सादरकर्ता कोण, याची व्याख्या करताना कायद्याने गायक, वादक, नर्तक यांच्या पंक्तीत कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांनाही बसवले आहे आणि त्याच यादीत व्याख्यान देणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा गायकाची मैफल किंवा वक्त्याचे भाषण त्याला न विचारता जगभर पाठवणे ही केवळ अनौचित्याची बाब राहत नाही. ज्याचा चरितार्थ मैफलींवर चालतो, त्याच्या तासाभराच्या गायनाची मानधनाच्या पाकिटात किंमत चुकवून ते कायमचे फुकट वाटून टाकायचे, यात सेवाभाव दिसत नाही. निमंत्रणाच्या पत्रातच एक ओळ घालावी आणि होकार लेखी घ्यावा.

थेट या शब्दातच त्याची शक्ती आहे आणि त्याचा धोकाही. छापील लेखावर संपादकाची नजर फिरते, ध्वनिमुद्रण कापता-जोडता येते. थेट गेलेला शब्द आणि दृश्य परत घेता येत नाही. मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कमांडो कुठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर कोणती हालचाल आहे, हे वृत्तवाहिन्या क्षणाक्षणाला दाखवत होत्या आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तेच पाहून हॉटेलांतील दहशतवाद्यांना दूरध्वनीवरून सूचना देत होते. कसाबच्या फाशीवर शिक्कामोर्तब करणाऱ्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि दहशतवादविरोधी कारवाईचे थेट चित्रण वाहिन्यांना वर्ज्य ठरले. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची. पहलगाम येथील हत्याकांडानंतर २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने याविषयी पुन्हा सूचना काढली, तेव्हा तीत वाहिन्यांबरोबर समाजमाध्यमे वापरणाऱ्यांचाही उल्लेख करावा लागला. २००८ मध्ये ही जबाबदारी काही मोजक्या संपादकांवर होती. आज ती गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या प्रत्येक तरुणावर आहे.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी एका माथेफिरूने प्रार्थनेसाठी जमलेल्या ५१ निरपराध माणसांची हत्या केली आणि आपल्या क्रौर्याचे १७ मिनिटे थेट प्रक्षेपण केले. फेसबुकच्याच सांगण्यानुसार प्रत्यक्ष प्रक्षेपण चालू असताना ते दोनशेहून कमी लोकांनी पाहिले. परंतु पुढच्या चोवीस तासांत त्याच्या सुमारे १५ लाख प्रती कंपनीला हटवाव्या लागल्या. हे प्रमाण प्रत्येक कार्यकर्त्याने मनात कोरून ठेवावे असे आहे. ‘आपल्याला पाहतेच कोण?’ या समजुतीला त्यात जागा उरत नाही.

आपल्या गावांतील प्रसंग सुदैवाने इतके भीषण नसतात. पण मिरवणुकीत झालेली बाचाबाची, अपघातानंतर जमलेला संतप्त जमाव, कोणत्याशा अफवेने तापलेला चौक हे प्रसंग येतातच. अशा वेळी खिशातून भ्रमणध्वनी काढून ‘लाइव्ह’ जाण्याची ऊर्मी प्रबळ असते आणि त्यात सत्य सांगितल्याचे समाधानही वाटते. परंतु भिंगाला दिसतो तो समोरचा दहा फुटांचा तुकडा. आधी काय घडले, कोणी आरंभ केला, पलीकडच्या बाजूला काय चालले आहे, हे त्याला ठाऊक नसते. आणि पाहणाऱ्या हजारो लोकांना तो तुकडाच संपूर्ण वाटतो. जखमी माणसाचा चेहरा, रडणारे मूल, पोलिसांची हालचाल हे सारे त्याबरोबर बाहेर जाते. नंतर खुलासा केला तरी तो पहिल्या दृश्याच्या मागे धावतच राहतो. इथे शिस्त एकच आहे, की यंत्र खाली ठेवावे, मदतीला धावावे, पुरावा म्हणून चित्रण करायचे असेल तर ते साठवावे आणि तपासयंत्रणेकडे द्यावे. आपल्या बाजूला अनुकूल वाटणारे दृश्य हाती असताना ही शिस्त पाळणे कठीण जाते. म्हणूनच ती प्रशिक्षणात आधी शिकवली पाहिजे. तापलेल्या चौकात ती कोणाला सुचणार नाही.

घरांतून याच प्रश्नाचे एक लहान रूप दिसते. मुले आता केवळ प्रेक्षक राहिलेली नाहीत. खेळ खेळता खेळता, गृहपाठ करता करता ती थेट प्रक्षेपण करतात. २२ जुलै २०२५ पासून यूट्यूबने सोळा वर्षांखालील मुलांना एकट्याने असे प्रक्षेपण करण्यास मनाई केली आहे. सोबत मोठे माणूस दिसावे लागते. कंपनीने नियम केला म्हणून पालकांची जबाबदारी संपली असे नव्हे. खिडकीतून दिसणारी शेजारची पाटी, शाळेच्या गणवेशावरील बोधचिन्ह, ‘आई-बाबा बाहेर गेलेत’ हे सहज निघालेले वाक्य यांतून अनोळखी माणसाला काय कळते, हे मुलाला समजावून सांगणारा कोणीतरी घरात हवा. धमकावून काही साधत नाही. बापाने स्वतः एकदा मुलाबरोबर बसून हे तंत्र शिकून घेतले, तर बोलणे सोपे होते.

मोठ्या संस्था हे काम शिकल्या आहेत आणि त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने न्यायालयीन कामकाजाच्या थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली. घटनापीठांचे प्रक्षेपण प्रत्यक्षात सुरू झाले ते २७ सप्टेंबर २०२२ रोजी. मधली चार वर्षे नियम, मर्यादा आणि यंत्रणा यांचा विचार करण्यात गेली. इतका विलंब प्रत्येकाला परवडणारा नाही, पण घाईने सुरू करून हसे करून घेण्यापेक्षा तो बरा. तरीही २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाची यूट्यूब वाहिनी चोरट्यांनी ताब्यात घेतली आणि तीवर आभासी चलनाची जाहिरात झळकली. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाच्या वाहिनीवर ही वेळ येऊ शकते, तर ज्या संस्थेचा परवलीचा शब्द समितीच्या अकरा सदस्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आहे तिने काय समजायचे? दुसरीकडे, २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चे अवतरण एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोकांनी इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर पाहिले. त्या प्रक्षेपणात कुठेही नाट्यमय आरडाओरड नव्हती. शास्त्रज्ञ आकडे वाचत होते, पडद्यावर आलेख सरकत होता आणि देश श्वास रोखून पाहत होता. आशय सकस असेल आणि तो नीट पोहोचवला, तर भडक निवेदनाची गरज लागत नाही.

एक आक्षेप वारंवार घेतला जातो, की प्रक्षेपणामुळे सभागृहे ओस पडतील. तो पूर्णतः निराधार नाही. पावसाळी सायंकाळी घरी बसून ऐकण्याचा मोह होतोच, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी व्याख्यान संपल्यावर जे दोन शब्द होतात, ते पडद्यावर होत नाहीत. समाज बांधला जातो तो त्या दोन शब्दांतून, हे खरे. यावर काही ठिकाणी व्याख्यान थेट न दाखवता दुसऱ्या दिवशी उपलब्ध करून देण्याचा मध्यम मार्ग काढला जातो, तर काही ठिकाणी प्रश्नोत्तरे फक्त सभागृहातील श्रोत्यांसाठी राखली जातात. कोणता मार्ग योग्य, हे प्रत्येक संस्थेने आपल्या श्रोत्यांकडे पाहून ठरवावे. मात्र न ठरवता, केवळ पत्रिकेत छापायचे म्हणून प्रक्षेपण करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. ध्वनी सांभाळणारा एक, चित्र व जोडणी पाहणारा एक, प्रश्नांकडे लक्ष देणारा एक आणि निवेदक असा चौघांचा चमू पुरतो. ओबीएस स्टुडिओसारखी संगणकप्रणाली विनामूल्य मिळते आणि जुना लॅपटॉपही साध्या कामाला चालतो. लागतात त्या दोन सायंकाळी, रिकाम्या सभागृहात, खऱ्या माइकसह आणि खऱ्या जोडणीसह केलेल्या तालमीच्या. यूट्यूबवर प्रक्षेपण सर्वांपासून लपवून, केवळ आपल्यालाच दिसेल असेही करता येते. तालीम तशी करावी आणि दुसऱ्या दिवशी समितीने बसून ती पाहावी. स्वतःचे अपयश पडद्यावर पाहण्याइतका परिणामकारक शिक्षक नाही. गावात अभियांत्रिकी तंत्रनिकेतन असेल, तर तेथील विद्यार्थ्यांना हे काम सन्मानाने, आणि शक्य असेल तर मानधन देऊन सोपवावे. घरातल्या मुलींना विसरू नये. अनेक घरांत आजीचा भ्रमणध्वनी दुरुस्त करून देणारी नातच असते आणि समितीच्या बैठकीला मात्र नातवाला बोलावले जाते.

राहता राहिला जपणुकीचा प्रश्न, आणि तो तातडीचा आहे. फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५ पासून थेट प्रक्षेपणांची मुद्रणे केवळ तीस दिवस ठेवण्याचा नियम केला. त्याहून जुनी मुद्रणेही काढून टाकण्याचे जाहीर झाले; ती उतरवून घेण्यासाठी खातेदारांना सूचना व ठरावीक मुदत देण्यात आली. टाळेबंदीच्या काळातील कीर्तने आणि व्याख्याने ज्यांनी केवळ तेथेच ठेवली होती आणि ती सूचना वाचली नाही, त्यांच्या हाती आज काय उरले असेल? त्या दोन वर्षांत महाराष्ट्राने घरात बसून काय ऐकले, कोण कोण बोलले, याचा तो कागद होता. समर्थांनी समास सोडायला सांगितला तो एवढ्याचसाठी, की कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षर शाबूत राहावे. आपली पोथी दुसऱ्याच्या फडताळात ठेवून निर्धास्त झोपणाऱ्याला कोणता समास वाचवणार?

म्हणून कार्यक्रम संपल्याच्या रात्रीच मूळ मुद्रण उतरवून घ्यावे, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावे, त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी. मुद्रणाला ‘व्हिडिओ-१७’ असे नाव न देता वक्ता, विषय, स्थळ आणि दिनांक मराठीत लिहावा. वर्षातून एकदा ती डिस्क लावून ती चालते का, हे पाहावे. तालुक्याच्या गावातील वाचनालयाला हे काम परके नाही. ग्रंथपालाच्या टेबलावर दाखल नोंदवही आहे, पुस्तकाला क्रमांक देण्याची आणि दरवर्षी मोजदाद करण्याची सवय आहे. व्याख्यानमालेचे चिटणीस आणि ग्रंथपाल यांनी येत्या हंगामाआधी एकदा एकत्र बसावे आणि त्या नोंदवहीत मुद्रणांसाठी चार पाने वेगळी आखून घ्यावीत.